लाईट डिम झाली की कंट्रोलर पिसाळतो : मायक्रोकंट्रोलरमध्ये लो-व्होल्टेज डिटेक्शन बसवण्याची रीतसर पद्धत

मोबाइल स्टार्टर, ठिबकचा टायमर, रोही-डुकरांसाठीचं झटका मशीन. आपल्याकडे गावोगावी पोरं ही यंत्रं स्वतः बनवायला लागली आहेत, आणि तक्रारीही सगळीकडून सारख्याच येतात. टेबलावर महिनाभर चालणारा बोर्ड वावरात गेला की आठवड्यात बिघडतो. पंप आपोआप सुरू होतो, भरलेल्या वेळा पुसल्या जातात, नाहीतर मशीन गप्प बसतं आणि बंद करून चालू केलं की पुन्हा शहाण्यासारखं वागतं. अशा वेळी लोक चिप बदलतात. चिप बहुतेकदा चांगलीच असते. व्होल्टेज पडल्यावर तिला वेळेत थांबवणारी सोय, म्हणजे लो-व्होल्टेज डिटेक्शन (यालाच ब्राउन-आउट डिटेक्शन किंवा बीओडी म्हणतात), एकतर बंद असते किंवा चुकीच्या पातळीवर लावलेली असते.

विदर्भात हा त्रास जास्त दिसतो, कारण आपल्याकडे लाईट ‘जाते’ त्यापेक्षा ‘डिम’ जास्त होते. रब्बीत हरभऱ्याला, गव्हाला किंवा संत्र्याला ओलीत चालू असताना थ्री फेज आली की एका डीपीवरचे सगळे ऑटो स्विच एकदम पंप ओढतात आणि व्होल्टेज काही सेकंद खाली घसरतं. एक फेज उडाला तर आणखी वेगळी गंमत होते. फिरती मोटर त्या उडालेल्या फेजवर उलट व्होल्टेज टाकत राहते, म्हणून कंट्रोलच्या ट्रान्सफॉर्मरला धड पूर्ण मिळत नाही आणि धड शून्यही मिळत नाही. चिपला खरा धोका या अर्धवट अवस्थेचा आहे. पुरवठा पूर्ण गेला तर ती थांबते. अर्धवट राहिला तर ती चालत राहते, पण चुकीचं वाचते, चुकीचं मोजते आणि चुकीच्या जागी लिहिते.

इथली पद्धत अटमेगा ३२८पी साठी आहे, म्हणजे आर्डुइनो उनो, नॅनो आणि प्रो मिनीवर असते ती चिप. ईएसपी ३२ आणि एसटीएम ३२ बद्दल शेवटी थोडक्यात लिहिलं आहे.

पायऱ्यांचा क्रम बदलू नका. बहुतेक जण पाचव्या पायरीपासून सुरुवात करतात आणि मग मधल्या चुका शोधत बसतात.

१. तयारी

टेबलावर एवढं सामान हवं : व्होल्टेज हळूहळू कमी-जास्त करता येईल असा डीसी पॉवर सप्लाय, मल्टिमीटर, यूएसबी-एएसपी प्रोग्रामर (तो नसेल तर दुसरा उनो), १० के ओहमचे काही रेझिस्टर, एक एलईडी आणि वही. वही लागतेच. फ्यूजच्या (तारेचा फ्यूज नव्हे, चिपच्या आत कायम राहणाऱ्या सेटिंगच्या) जुन्या किमती लिहून न ठेवता नव्या टाकणारा माणूस एक दिवस अडकतो.

बोर्ड स्टार्टरच्या पेटीतून पूर्ण बाहेर काढा. पेटीत ४१५ व्होल्ट असतात आणि या कामाला ते कुठेच लागत नाहीत.

मग चिप ओळखा. वरची अक्षरं भिंगातून वाचा, पण केवळ त्यांच्यावर विसंबू नका. प्रोग्रामर जोडून सिग्नेचर, म्हणजे चिपच्या आतला ओळख-क्रमांक, वाचा. ३२८पी ची सिग्नेचर १ई ९५ ०एफ आहे. १ई ९५ १४ आली तर ती ‘पी’ नसलेली ३२८ आहे, आणि १ई ९५ १६ आली तर ३२८पीबी. स्वस्त नॅनोसारख्या दिसणाऱ्या बोर्डांवर कधी एलजीटी ८एफ ३२८पी नावाची वेगळीच चिप असते. तिला इथले फ्यूज लागू होत नाहीत, तिच्यात ही सोय प्रोग्राममधून लावावी लागते.

तपासा : प्रोग्रामरने सिग्नेचर तीनदा वाचा. तिन्ही वेळा सारखीच आली पाहिजे. वेगवेगळी येत असेल तर वायर सैल आहे. अशा जोडणीवर फ्यूज लिहायला जाऊ नका.

२. आधी पॉवर सप्लाय बघा

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि नेमकी हीच गाळली जाते. डिटेक्शन हे शेवटचं कुंपण आहे. सप्लायच कच्चा असेल तर चिप दर दोन मिनिटांनी रिसेट होईल आणि तुम्ही वैतागून डिटेक्शनच बंद कराल.

साध्या १२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरचा हिशेब करू. २३० व्होल्टवर १२ व्होल्ट एसी मिळतात. ब्रिजनंतर (एसीचं डीसी करणारे चार डायोड) शिखरावर सुमारे १५.५ व्होल्ट डीसी. लाईन १५० वर आली की हेच साडेनऊच्या आसपास राहतं. ११० वर आली की ६.७. सात-आठ-शून्य-पाच रेग्युलेटरला बाहेर ५ व्होल्ट द्यायला आत साधारण ७ व्होल्ट लागतात. म्हणजे लाईन ११० वर असताना चिपला पाचाऐवजी पावणेपाच किंवा त्याहून कमी मिळतात. त्यावर तरंग वेगळाच : १००० मायक्रोफॅरडच्या कॅपेसिटरवर ११० मिलिअँपिअर भार असेल तर वर-खाली सुमारे १.१ व्होल्टचा फरक पडतो. मल्टिमीटर सरासरी दाखवतो आणि तळ लपवतो.

तीन सुधारणा करून ठेवा.

चिपच्या रेग्युलेटरच्या आधी एक १एन४००७ डायोड लावा आणि त्याच्यानंतर चिपसाठी स्वतंत्र १००० मायक्रोफॅरडचा कॅपेसिटर द्या. मग व्होल्टेज पडताना रिले आणि जीएसएम मॉड्यूल चिपच्या वाट्याचा साठा पिऊन टाकत नाहीत.

जीएसएम मॉड्यूलला वेगळा रेग्युलेटर द्या. सिम ८००एल ला ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात आणि नेटवर्कशी बोलताना ते क्षणभर २ अँपिअरपर्यंत खेचतं. आर्डुइनोच्या ५ व्होल्टच्या पिनवरून डायोड लावून ते चालवणारे खूप आहेत. रेंज चांगली असलेल्या गावात तसं चालूनही जातं. टॉवर लांब असला की मॉड्यूल पूर्ण ताकद लावतं आणि बोर्ड झोपतो.

चिपच्या व्हीसीसी (पुरवठ्याची पिन) आणि ग्राउंडच्या अगदी जवळ ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कॅपेसिटर हवाच. बोर्ड घरी बनवला असेल तर एव्हीसीसी (अ‍ॅनालॉग भागाच्या पुरवठ्याच्या) पिनवरही.

सावधान : रेग्युलेटरनंतर, ५ व्होल्टच्या बाजूला मोठा कॅपेसिटर टाकून काम भागत नाही. व्होल्टेज हळू पडतं, म्हणजे चिप अर्धवट अवस्थेत जास्त वेळ राहते. साठा रेग्युलेटरच्या आधी ठेवा.

३. घड्याळ आणि व्होल्टेज यांची जोडी जुळवा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून ही पायरी सावकाश वाचा.

चिप किती व्होल्टपर्यंत बरोबर चालते हे ती किती वेगाने चालते त्यावर ठरतं. ३२८पी ची हमी अशी आहे : ४ मेगाहर्ट्झपर्यंत १.८ व्होल्टला, १० मेगाहर्ट्झपर्यंत २.७ व्होल्टला आणि २० मेगाहर्ट्झपर्यंत ४.५ व्होल्टला. मधल्या वेगांसाठी या बिंदूंमध्ये सरळ रेषा धरायची. त्या रेषेवर १६ मेगाहर्ट्झला किमान ३.७८ व्होल्ट येतात आणि ८ मेगाहर्ट्झला २.४.

आता चिपमध्ये डिटेक्शनच्या पातळ्या तीनच आहेत : १.८, २.७ आणि ४.३ व्होल्ट. प्रत्येक चिपगणिक थोडा फरक पडतो. २.७ ची पातळी प्रत्यक्षात २.५ ते २.९ मध्ये कुठेही असू शकते आणि ४.३ ची ४.१ ते ४.५ मध्ये.

उनो कारखान्यातून येतो तेव्हा तो १६ मेगाहर्ट्झवर चालतो आणि डिटेक्शन २.७ वर असतं. वरच्या आकड्यांशी ताडून बघा. ३.७८ च्या खाली चिपची हमी संपते आणि डिटेक्शन तिला २.७ ला थांबवतं. मधला एक व्होल्टचा पट्टा पूर्ण उघडा आहे. ‘माझ्या बोर्डात ब्राउन-आउट चालू आहे, तरी ईईप्रॉम पुसली जाते’ या तक्रारीचं उत्तर या पट्ट्यात आहे (ईईप्रॉम म्हणजे लाईट गेली तरी नोंदी टिकवणारी चिपमधली जागा). लाईट डिम झाल्यावर चिप नेमकी इथेच येऊन रेंगाळते.

म्हणून दोनच जोड्या लक्षात ठेवा :

५ व्होल्ट सप्लाय, १६ मेगाहर्ट्झ : पातळी ४.३.
३.३ व्होल्ट सप्लाय, ८ मेगाहर्ट्झ : पातळी २.७.

३.३ व्होल्टवर १६ मेगाहर्ट्झ चालवू नका. चालताना दिसतं, पण ते हमीच्या बाहेर आहे आणि कुठलीही पातळी त्याला वाचवत नाही. ५ व्होल्टवर ८ मेगाहर्ट्झ हीसुद्धा चांगली जोडी आहे. पंपाच्या कंट्रोलरला १६ मेगाहर्ट्झची गरज नसते. वेग निम्मा केला की २.७ ची पातळी पुरते आणि बारीकसारीक डुबक्यांनी बोर्ड उगाच रिसेट होत नाही. माझी पसंती हिलाच आहे. फक्त मग चिपला जोडलेलं बाकी सगळंही कमी व्होल्टला नीट वागणारं हवं.

सावधान : ३.३ व्होल्टच्या बोर्डावर चुकून ४.३ ची पातळी लिहिली तर चिप कायमची रिसेटमध्ये बसते आणि प्रोग्रामरलाही उत्तर देत नाही. ती मेलेली नसते. ३.३ वर चालणारे सेन्सर आणि मॉड्यूल काढा, चिपला ५ व्होल्ट द्या आणि पातळी परत बदला.

सावधान : नॅनो यूएसबीवरून चालवला तर मध्ये एक डायोड असतो आणि चिपला साधारण ४.६ ते ४.७ व्होल्ट पोचतात. तुमच्या चिपची ४.३ ची पातळी खरी ४.५ ला निघाली तर रिले ओढला गेल्याबरोबर रिसेट. मोबाइलच्या चार्जरवर लांब वायरीने चाललेल्या नॅनोवर ४.३ लावायची असेल तर रिलेला वेगळा सप्लाय द्या.

४. जुने फ्यूज वाचा आणि लिहून ठेवा

ही पातळी प्रोग्राममधून बदलता येत नाही. ती ‘एक्स्टेंडेड’ फ्यूजमध्ये असते आणि यूएसबीच्या नेहमीच्या अपलोडने फ्यूज बदलत नाहीत. त्यासाठी आयएसपीच्या, म्हणजे प्रोग्रामरच्या थेट जोडणीच्या, सहा वायरीच लागतात. ‘मेनूत ४.३ निवडलं, अपलोड केलं, पण काहीच फरक नाही’ असं म्हणणाऱ्यांचं इथेच चुकतं.

दुसरा उनो प्रोग्रामर म्हणून वापरत असाल तर त्याच्यात ‘आर्डुइनो अ‍ॅज आयएसपी’ हा तयार प्रोग्राम टाका. जोडणी अशी : त्याची १० नंबरची पिन समोरच्या बोर्डाच्या रिसेटला, आणि ११, १२, १३ समोरच्या त्याच नंबरांना, शिवाय ५ व्होल्ट आणि ग्राउंड. प्रोग्रामर बनलेल्या उनोच्या रिसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कॅपेसिटर लावा, पण त्याच्यात प्रोग्राम टाकून झाल्यावर.

फ्यूज वाचायला एव्हीआरड्यूडेस हे खिडकीवालं सॉफ्टवेअर सोपं पडतं. तिन्ही फ्यूज वाचा आणि वहीत उतरवा. उनोवर साधारण लो एफएफ, हाय डीई, एक्स्टेंडेड एफडी असं दिसेल. काही ठिकाणी एक्स्टेंडेड ०५ दिसतो. घाबरू नका, त्यातल्या खालच्या तीन बिटांनाच अर्थ आहे आणि दोन्हीकडे त्या १०१ आहेत.

तपासा : यूएसबी-एएसपी बोर्डाला स्वतः ५ व्होल्ट देतो. त्या वेळी बोर्डाचा दुसरा कुठलाही सप्लाय चालू नको, आणि जीएसएम मॉड्यूल काढलेलं हवं.

५. पातळी लिहा

खालच्या तीन बिटांचा अर्थ असा : १११ म्हणजे डिटेक्शन बंद, ११० म्हणजे १.८ व्होल्ट, १०१ म्हणजे २.७, १०० म्हणजे ४.३. पूर्ण किमतीत अनुक्रमे एफएफ, एफई, एफडी आणि एफसी.

एव्हीआरड्यूडेसमधून लिहायचं असेल तर फक्त एक्स्टेंडेड फ्यूजसमोर खूण करा. लो आणि हाय यांना हात लावू नका. लो मध्ये घड्याळाची निवड असते. तिथे चुकून बाहेरचा क्रिस्टल निवडला आणि बोर्डावर क्रिस्टल नसेल तर चिप मुकी होते. हाय मध्ये रिसेट पिनच बंद करणारी बिट असते, आणि ती लिहिली गेली तर साध्या प्रोग्रामरने परतीची वाट नाही.

आर्डुइनोच्याच सॉफ्टवेअरमधून करायचं असेल तर मिनीकोअर हे बोर्ड पॅकेज घ्या. टूल्सच्या मेनूत घड्याळ, बीओडी आणि ईईप्रॉम यांच्या वेगवेगळ्या ओळी मिळतात. घड्याळ निवडताना बोर्डावर खरोखर आहे तेच निवडा : बाहेरचा १६ चा क्रिस्टल किंवा आतला ८ चा. मग ‘बर्न बूटलोडर’ दाबा. फ्यूज त्या बटणाने लिहिले जातात, अपलोडने नाही.

वावरात जाणाऱ्या बोर्डात मी बूटलोडर (यूएसबीवरून प्रोग्राम घेणारा चिपमधला छोटा प्रोग्राम) ठेवत नाही. मिनीकोअरमध्ये ‘नो बूटलोडर’ निवडून बर्न करा आणि प्रोग्राम ‘अपलोड युझिंग प्रोग्रामर’ने टाका. एकतर चिप लगेच सुरू होते. दुसरं म्हणजे रिसेट का झाला याची नोंद प्रोग्रामला जशीच्या तशी मिळते. आठव्या पायरीत तिचीच गरज आहे.

सावधान : बूटलोडर बर्न करताना चिप पुसली जाते. ‘ईईप्रॉम रिटेन्ड’ निवडलेलं नसेल तर शेतकऱ्याने भरलेले मोबाइल नंबर आणि वेळा जातात. आधी उतरवून घ्या.

तपासा : लिहून झालं की सप्लाय काढा, पुन्हा द्या आणि फ्यूज परत वाचा. एफसी लिहिलं असेल तर एफसीच, किंवा खालच्या तीन बिटा १००.

६. रिसेटच्या वेळी रिले काय करतो ते बघा

इथपर्यंत येऊन लोक थांबतात आणि त्यांचा पंप तरीही आपोआप सुरू होतो.

रिसेटमध्ये चिपच्या सगळ्या पिना सुट्या होतात. ती कुणाला वर ओढत नाही, खाली ओढत नाही. बीसी ५४७ चा बेस अशा तरंगत्या पिनवर असेल तर रिले काहीही करू शकतो. बेस आणि एमिटरमध्ये १० के ओहम लावा, म्हणजे चिप झोपली की रिले सुटलेलाच राहील.

निळ्या रिलेची तयार मॉड्यूल उलट्या तर्काची असतात. पिन खाली गेली की रिले लागतो. प्रोग्राममध्ये आधी ‘ही पिन आउटपुट’ असं सांगितलं की ती क्षणभर खाली जाते आणि रिले टिक करतो. पुढे कुठेतरी तुम्ही ती वर नेता, पण तोपर्यंत झालेलं असतं. डीओएल (मोटर थेट लाईनवर टाकणाऱ्या) स्टार्टरला सुरू व्हायला तेवढी एक टिक पुरते, कारण कॉन्टॅक्टर स्वतःचा होल्डिंग कॉन्टॅक्ट स्वतःच धरून ठेवतो. म्हणजे प्रत्येक ब्राउन-आउट रिसेटला स्टार्टचं बटण दाबलं गेलं! उपाय एका ओळीचा आहे : आधी पिनवर ‘हाय’ लिहा आणि मगच तिला आउटपुट करा.

तपासा : रिसेटचं बटण वीसेक वेळा भराभर दाबा, मग दाबून धरा, मग सोडा. रिलेचा आवाज एकदाही यायला नको.

७. पडण्याआधीची सूचना

डिटेक्शन चिपला थांबवतं, पण सामान आवरायला वेळ देत नाही. ‘पंप चालू होता आणि अजून ४० मिनिटं पाणी बाकी होतं’ एवढं लिहून ठेवायचं असेल तर आधी कळायला हवं. ३२८पी मध्ये यासाठी वेगळी सोय नाही, ती बाहेरून करावी लागते.

दुसऱ्या पायरीतल्या डायोडच्या आधीच्या बिंदूवरून ४७ के आणि १० के चा विभाजक घ्या आणि मधला बिंदू एका अ‍ॅनालॉग पिनला द्या. तिथे ९ व्होल्ट असताना पिनवर १.५८ व्होल्ट येतात, म्हणजे आकडा सुमारे ३२३. रात्री भार उतरल्यावर व्होल्टेज चढतं, पण २१ व्होल्ट झाले तरी पिनवर ३.७ च्या आतच राहतात.

९ व्होल्टच्या खाली गेलं की क्रम ठरलेला ठेवा : रिले सोडा, एलईडी बंद करा, नोंद लिहा आणि मग काहीही न करता थांबा. वेळ पुरतो का ते मोजू. डायोडनंतर चिपच्या कॅपेसिटरवर ८.३ व्होल्ट आहेत आणि ७ पर्यंत रेग्युलेटर टिकतो, म्हणजे १.३ व्होल्ट हाताशी. १००० मायक्रोफॅरड आणि २५ मिलिअँपिअर खर्च धरला तर ५२ मिलिसेकंद. ईईप्रॉममध्ये एक बाइट लिहायला साधारण ३.४ मिलिसेकंद लागतात. आठ बाइटांना २७. बसतं. चाळीस बाइटांची नोंद लिहायला जाल तर मध्येच तुटेल.

परत ‘ठीक’ म्हणायची पातळी ९ ठेवू नका, साडेदहा ठेवा. रिले लागलेला असतानाचा तरंगच एक व्होल्टच्या आसपास असतो. दोन्ही पातळ्या एकच असल्या तर बोर्ड आत-बाहेर करत बसेल.

नोंद दोन जागी आलटून-पालटून लिहा आणि प्रत्येकीसोबत बेरजेचा तपासणी-बाइट ठेवा. सुरू होताना जी नोंद जुळेल ती घ्यायची. आणि दर मिनिटाला लिहायची सवय सोडा : ईईप्रॉमच्या एका जागेचं आयुष्य १ लाख लेखनांचं धरलेलं असतं, आणि दर मिनिटाला एक म्हटलं तर ते सुमारे ७० दिवसांत सरतं. पडताना एकदाच लिहायचं.

८. उठल्यावर काय करायचं

चिप सुरू होताच एमसीयूएसआर हे रजिस्टर सगळ्यात आधी वाचा, ठेवून घ्या आणि शून्य करा. त्यात रिसेटचं कारण असतं. बूटलोडर असेल तर तो ते आधीच पुसतो, आणि म्हणूनच बऱ्याच जणांना ‘कारण नेहमी शून्यच दिसतं’.

त्यातला पीओआरएफ (पॉवर-ऑन रिसेटची खूण) लागलेला असेल तर लाईट पूर्ण जाऊन आली. त्या वेळी बीओआरएफही (ब्राउन-आउट रिसेटची खूण) सोबत दिसतो, त्याच्याकडे दुर्लक्ष करा. एकटा बीओआरएफ असेल तर ती खरी डुबकी. अशा डुबक्यांचा आकडा मोजून ठेवा. शेतकरी ‘लाईट चांगली असते’ म्हणाला तरी आकडा खरं सांगतो.

दोन्ही वेळी पंप लगेच सुरू करू नका. महावितरण ऑटो स्विच काढायला सांगतं ते याचसाठी : सगळे पंप एकदम उठले की डीपीवर भार येतो आणि लाईन पुन्हा खाली बसते. मोबाइल स्टार्टर असेल तर आधी मेसेज पाठवा आणि होकार आल्यावरच सुरू करा. गिऱ्हाईक ऑटोवरच अडून बसलं तर व्होल्टेज सलग दोन-तीन मिनिटं स्थिर राहिल्याशिवाय उठू नये, आणि प्रत्येक यंत्राची थांबायची वेळ वेगळी ठेवावी. मी यंत्राच्या नंबरावरून सेकंद वाढवतो. विहिरीवर कोणी पंपाला हात लावून उभं असू शकतं, हेही प्रोग्राम लिहिताना डोक्यात असू द्या.

९. मुद्दाम पाडून बघा

पॉवर सप्लाय थेट ५ व्होल्टच्या पिनला जोडा, व्हीआयएनला नाही. नाहीतर मधला रेग्युलेटर खरी पातळी लपवतो. यूएसबी काढा. चिपमध्ये एलईडी लुकलुकवणारा प्रोग्राम ठेवा आणि ५ पासून अगदी हळू खाली या. ४.३ लावलेली असेल तर ४.५ आणि ४.१ च्या मध्ये कुठेतरी लुकलुक थांबली पाहिजे. आकडा लिहा. परत वर जा. थांबली त्याच्या थोडंसंच वर, सुमारे ०.०५ व्होल्टने, ती पुन्हा सुरू होते. ३.५ पर्यंत लुकलुक चालूच राहिली तर फ्यूज लागलेला नाही, चौथ्या पायरीवर परत जा.

मग खरी कसोटी. पूर्ण यंत्र जोडा, ईईप्रॉममध्ये ओळखीचा नमुना भरा, आणि १२ व्होल्टची बाजू हळू पाडणं, झटक्यात तोडणं, मध्येच धरून ठेवणं असं आलटून-पालटून करा. प्रत्येक वेळी नमुना तसाच आहे का आणि रिले गप्प आहे का ते बघा. झटक्यात तोडलेली लाईट बहुतेक बोर्ड सोसतात. हळू पाडलेली सोसत नाहीत, म्हणून तिलाच जास्त वेळ द्या.

आयटीआयत किंवा ओळखीच्या रिवाइंडिंगवाल्याकडे डिमरस्टॅट (एसी व्होल्टेज कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) असेल तर ट्रान्सफॉर्मरसकट २३० वरून खाली आणून बघा.

सावधान : डिमरस्टॅट लाईनपासून वेगळं करत नाही. खाली ४० व्होल्ट दाखवत असला तरी फेज तोच असतो. ट्रान्सफॉर्मरच्या मेनच्या बाजूला हात नको.

बॅटरीच्या यंत्रांबद्दल

झटका मशीनवाले एक गोष्ट हमखास मिसळतात. चिपचं डिटेक्शन चिपचे ५ व्होल्ट बघतं, बॅटरी नाही. १२ व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी १०.५ व्होल्टवर संपलेली असते आणि त्या वेळी चिपला बिनचूक ५ व्होल्ट मिळत असतात. बॅटरी वाचवायची असेल तर सातव्या पायरीसारखा विभाजक बॅटरीवर लावा आणि ११ च्या आसपास झटका बंद करा. दोन्ही सोयी हव्यात, एक दुसरीचं काम करत नाही.

‘डिटेक्शन बॅटरी खातं’ म्हणून ते बंद करणारेही भेटतात. झोपलेल्या चिपमध्ये ते साधारण २० मायक्रोअँपिअर घेतं. त्याच बोर्डावरचा पॉवरचा लाल एलईडी मिलिअँपिअरमध्ये खातो. तो उपटा. खरोखरच महिनोन्महिने झोपणारं यंत्र असेल तर ३२८पी मध्ये झोपेपुरतं डिटेक्शन बंद करायची सोय आहे, ‘पी’ नसलेल्या ३२८ मध्ये ती नाही. पहिल्या पायरीत सिग्नेचर वाचायला सांगितलं त्याचं हे एक कारण.

ईएसपी ३२ आणि एसटीएम ३२

ईएसपी ३२ मध्ये डिटेक्शन मुळातच चालू असतं आणि सिरियल मॉनिटरवर ‘ब्राउनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड’ अशी ओळ येते. ते रजिस्टर शून्य करून डिटेक्शन बंद करण्याचा सल्ला जिकडेतिकडे सापडतो. घेऊ नका. वाय-फाय सुरू होताना चिप जोरात करंट ओढते. सप्लाय किमान ५०० मिलिअँपिअर देणारा ठेवा, यूएसबी केबल आखूड आणि जाड घ्या, ३.३ च्या पिनजवळ १०० मायक्रोफॅरड किंवा जास्त लावा. तरीही ओळ येत असेल तर ती खरं सांगते आहे.

एसटीएम ३२ एफ १०३ मध्ये, म्हणजे निळ्या गोळीच्या बोर्डात, पडण्याआधीची सूचना चिपमध्येच आहे. पीव्हीडी नावाची ही सोय २.२ ते २.९ व्होल्टमध्ये ०.१ च्या पायऱ्यांनी लावता येते आणि ती प्रोग्राममधूनच लागते, फ्यूज नाहीत. ३.३ च्या सप्लायला २.९ निवडा. ती इंटरप्टच (चालू काम मध्येच थांबवून प्रोग्रामला दिलेली हाक) देते, रिसेट करत नाही, आणि इंटरप्ट एक्स्टीच्या (चिपमधल्या इंटरप्ट पोचवणाऱ्या भागाच्या) १६ नंबरच्या ओळीवर येतो. पीव्हीडी चालू करून ती ओळ चालू करायला विसरलात तर सूचना येतच नाही. या चिपचा आतला रिसेट १.९ व्होल्टच्या आसपास होतो आणि तो बदलता येत नाही, तेव्हा पंपाचा रिले सोडायचं काम इंटरप्टमध्येच उरका.